डावं पेडल, उजवं पेडल

हडपसरच्या गाडीतळाशी पुण्याहून आलेला रस्ता फुटतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी इथून सासवडकडे, दिवे घाटाच्या दिशेनं वळते आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला जाते. एरवी वर्षभर या फाट्यावर बस, डंपर, दुचाकी आणि भाजीचे टेम्पो एकमेकांना खेटून उभे असतात आणि त्यांच्यात हमखास एखादा ट्रॅक्टर असतो. त्याच्यामागे कधी पाण्याचा टँकर, कधी विटा, कधी पाडलेल्या घराचा राडारोडा. शेतीचं अवजार मागे लावलेला ट्रॅक्टर इथे आता क्वचितच दिसतो.

मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर हा सगळा पट्टा बागायती झाला. ऊस होता, भाजीपाला होता, थेऊरला साखर कारखाना होता. पुढे कारखान्याची धुराडी थंडावली. मगरपट्ट्यात सुमारे चारशे एकर जमिनीवर शेतकरी कुटुंबांनीच एकत्र येऊन नगर उभं केलं. शेतं कमी झाली, ट्रॅक्टर मात्र राहिले. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या अनेकांनी ट्रॅक्टरला टँकर जोडला आणि नव्या सोसायट्यांना पाणी पुरवायचा धंदा धरला. ज्यांची थोडी जमीन उरली ते सकाळी रोटाव्हेटर मारतात आणि दुपारी त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून रस्त्यावर येतात. ब्रेक आणि स्टेअरिंगच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या दुहेरी आयुष्यात आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी ट्रॅक्टर मुळात कशासाठी घडवलेला आहे हे समजून घ्यावं लागतं.

मोटारीला ब्रेकचं एक पेडल असतं आणि ते दाबलं की चारही चाकं धरली जातात. साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली शेजारी शेजारी दोन पेडलं असतात. एक मागच्या डाव्या चाकाचं, दुसरं मागच्या उजव्या चाकाचं. पुढच्या चाकांना ब्रेक नसतोच. शेताच्या कडेला तास संपला की चालक स्टेअरिंग डावीकडे फिरवतो आणि डावं पेडल दाबतो. डावं चाक धरलं जातं, उजवं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी वळतो. मऊ मातीत पुढची चाकं नुसती वळवून भागत नाही, ती घसरत सरळच जाऊ पाहतात. तिथे खरं वळण ब्रेकनं घेतलं जातं. थोडक्यात, ट्रॅक्टरचा ब्रेक हा त्याच्या स्टेअरिंगचाच अर्धा भाग आहे. गॅरेजमध्ये मात्र या दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडल्या जातात आणि तिथूनच फसगत सुरू होते.

दोन्ही पेडलं एकत्र बांधायला एक छोटी लोखंडी पट्टी असते. रस्त्यावर येताना ती अडकवायची, शेतात उतरताना सोडायची. ती विसरली तर काय होतं? वीस-पंचवीसच्या वेगात समोर दुचाकी आडवी येते, घाईत पाय एकाच पेडलावर पडतो आणि ट्रॅक्टर थांबण्याऐवजी त्या बाजूला झपकन वळतो. मागची ट्रॉली मात्र सरळच रेटत राहते. असा ट्रॅक्टर उलटला की लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. खरं तर ब्रेक अगदी उत्तम लागलेला असतो, फक्त एकाच चाकाला. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर ही पट्टी वाकलेली, गंजलेली किंवा तारेनं बांधलेली दिसते. दुरुस्तीचं पहिलं काम तिथेच आहे, आणि सगळ्यांत स्वस्तही तेच.

पट्टी लागते पण ब्रेक मारल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. इथे मिस्त्री लोकांची एक जुनी परीक्षा आहे आणि माझ्या मते ती कुठल्याही उपकरणापेक्षा सरस आहे. ट्रॉली सोडायची, मोकळ्या मातीच्या मैदानात जायचं, पेडलं जोडायची, ट्रॅक्टर हळू चालवायचा आणि क्लच दाबून ब्रेक जोरात मारायचा. मग खाली उतरून मागच्या दोन टायरांच्या घसरण्याच्या खुणा पाहायच्या. दोन्ही सारख्या लांबीच्या असतील तर ब्रेक सारखे लागतात. एक खूण लांब आणि दुसरी आखूड किंवा पुसट असेल, तर आखूड खुणेच्या बाजूचा ब्रेक उशिरा किंवा कमी लागतो आहे.

उशिरा लागण्याचं सरळ कारण म्हणजे पेडलाचा मोकळा प्ले दोन्हीकडे वेगळा असणं. पेडल हातानं दाबून पाहायचं. विरोध जाणवेपर्यंत ते किती खाली जातं ते पट्टीनं मोजायचं आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचं. ब्रेक रॉडवरचा नट फिरवून ते जुळवता येतं. पण दोन्ही बाजू सारख्या करायच्या म्हणून एकीकडे प्ले पारच काढून टाकू नये. प्ले उरला नाही तर ब्रेक सतत थोडा लागलेला राहतो, लायनर तापतो, डिझेल जास्त जातं आणि ट्रॅक्टर ‘जड’ झाल्यासारखा वाटतो. इंजिनाची तक्रार घेऊन आलेला ट्रॅक्टर अनेकदा ब्रेकच्या नटावर बरा होतो.

जुळवूनही ओढणं थांबलं नाही, तर आत पाहावं लागतं, आणि इथे ब्रेकची जात महत्त्वाची ठरते. जुन्या ट्रॅक्टरांना ड्रम किंवा कोरड्या डिस्कचे ब्रेक असतात. कोरड्या डिस्कमध्ये दोन लोखंडी तबकड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या असतात. पेडल दाबलं की तबकड्या किंचित फिरतात, गोळ्या उतरत्या खाचांतून वर चढतात आणि तबकड्या एकमेकींपासून दूर रेटल्या जाऊन लायनर आवळला जातो. रचना हुशारीची आहे, पण पाणी आणि चिखल तिला सोसत नाही. भाताच्या चिखलणीतून किंवा पाणी भरलेल्या शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरचा ब्रेक पहिल्या काही वेळा लागतच नाही. हळू चालवत चार वेळा दाबून तो वाळवावा लागतो. त्याच खाचांना गंज चढला की उलटा त्रास सुरू होतो. गोळ्या चढतात पण उतरत नाहीत, पेडल परत येत नाही आणि ब्रेक धरलेलाच राहतो. अशा वेळी लोक पेडलाला दुसरी स्प्रिंग लावतात. स्प्रिंगनं पेडल वर येतं, तबकड्या मात्र चिकटलेल्याच राहतात. उघडून, साफ करून, खाचा घासून आणि गोळ्या तपासून बसवण्याला पर्याय नाही.

दुसरा शत्रू तेल. मागच्या एक्सलचं ऑइल सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल लायनरवर येतं आणि त्या बाजूचा ब्रेक घसरतो. लायनर पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपरनं घासून परत बसवण्याची पद्धत सर्रास आहे. दोन-चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच, कारण लायनरच्या अंगात मुरलेलं तेल तापलं की बाहेर येतं. लायनर बदलायचा आणि सीलही बदलायचं. आणि सील का गेलं हेही विचारायचं. गिअरबॉक्सवर एक छोटा श्वासमार्ग असतो, त्याला ब्रीदर म्हणतात. तो मातीनं बुजला की आतली तापलेली हवा कोंडते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. नवं सील घातलं आणि ब्रीदर तसाच बुजलेला ठेवला, तर पुढच्या हंगामात तोच ट्रॅक्टर तीच तक्रार घेऊन दारात उभा राहतो.

आता बहुतेक नव्या ट्रॅक्टरांना तेलात बुडालेले ब्रेक येतात. पुण्याजवळ सणसवाडीत जॉन डिअरचा कारखाना आहे. त्यांच्या ट्रॅक्टरांमुळे या भागात हे ब्रेक लोकांच्या चांगल्या ओळखीचे झाले. यात अनेक पातळ प्लेटा तेलात फिरतात, त्यामुळे पाणी, चिखल, धूळ आत शिरत नाही आणि उष्णता तेल वाहून नेतं. देखभाल कमी लागते, पण लागतच नाही असा समज चुकीचा. हे तेल एकाच वेळी गिअर, हायड्रोलिक आणि ब्रेक या तिघांचं काम करतं. त्यात ब्रेकच्या प्लेटांना लागणारी विशिष्ट मिसळ असते. पैसे वाचवण्यासाठी साधं गिअर ऑइल ओतलं की ब्रेक मारताना कर्रकर्र आवाज येतो, ट्रॅक्टर थरथरतो आणि पकड कमी-जास्त होते. असा आवाज आला की आधी प्लेटांवर संशय घेऊ नका. कुठलं तेल आहे, किती आहे आणि कसं दिसतं ते पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तेल आणि फिल्टर बदलूनही सुधारणा झाली नाही तरच एक्सल उघडायचा. ते काम झाडाखाली बसून करायचं नव्हे.

ओढण्याबद्दल एक खूणगाठ बांधून ठेवावी. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर दोष मागच्या ब्रेकांत शोधायचा. ब्रेक न मारताही ओढत असेल, तर पुढच्या टायरांची हवा, पुढचं बेअरिंग, चाकांची जुळणी, किंवा मागचा एखादा धरून राहिलेला ब्रेक. या शेवटच्यासाठी थर्मामीटर लागत नाही. ट्रॅक्टर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून थांबवायचा आणि मागच्या दोन्ही ब्रेकच्या घरांजवळ तळहात न्यायचा, टेकवायचा नाही. एकीकडून झळ येत असेल तर सापडला चोर. हा दोष स्टेअरिंगची तक्रार म्हणून येतो आणि त्यापायी टाय रॉडपासून किंग पिनपर्यंत सगळं बदललं जातं.

असाच लपलेला दुसरा दोष म्हणजे डिफरन्शियल लॉक. एक चाक चिखलात गरगर फिरू लागलं की हा लॉक दाबून दोन्ही चाकं एकत्र बांधतात. बाहेर आल्यावर तो आपोआप सुटायला हवा. कधी गिअरांवर ताण राहतो आणि तो अडकतो. मग स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो, आणि एका बाजूचा ब्रेक दाबून वळवायला गेलं तर दोन्ही चाकं थांबतात. आता सांगा, दोष स्टेअरिंगचा की ब्रेकचा? दोन्हींचा नाही. वेग कमी करून डावं-उजवं पेडल आलटून पालटून हलकं दाबलं की बहुतेक वेळा लॉक सुटतो. त्याचा दांडा आणि स्प्रिंग मात्र तपासून घ्यावी.

आता खुद्द स्टेअरिंग. ते ढिलं झालं, म्हणजे चाक हातात बरंच फिरतं आणि पुढची चाकं उशिरा वळतात. इथे दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली बसून सांधा न् सांधा पाहायचा: स्टेअरिंग बॉक्समधून निघालेला आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडचे बॉल जॉइंट, आणि शेवटी चाकाशी असलेला आर्म. ज्या सांध्याच्या अलीकडचा भाग हलतो पण पलीकडचा हलत नाही, प्ले तिथे. मग पुढचा एक्सल जॅकनं उचलून खाली लोखंडी घोडी लावायची; नुसत्या जॅकवर कधीही काम करू नये. चाक वर-खाली धरून आत-बाहेर हलवायचं. हललं तर दुसऱ्यानं पाहायचं: फक्त चाक हलतं का, की त्याच्यामागचा स्टब एक्सलही हलतो? फक्त चाक हललं तर बेअरिंग ढिलं आहे. सगळंच हललं तर किंग पिन आणि बुश झिजलेत. एक्सलची मधली पिन झिजली असेल तर अख्खा एक्सलच पुढे-मागे सरकतो, आणि हे सांधे कितीही नवे घातले तरी चालक म्हणत राहतो की गाडी रस्त्यावर डुलते.

सगळे सांधे ठीक असतील तर स्टेअरिंग बॉक्सकडे वळायचं, त्याआधी नाही. त्यावर एक स्क्रू असतो आणि तो आवळला की प्ले कमी होतो, म्हणून अनेकांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. पण आतला वर्म मध्यभागी जास्त झिजतो, कारण आयुष्यातला बहुतेक वेळ ट्रॅक्टर सरळच चालतो. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर कमी झिजलेला भाग अडकतो. सरळ रस्त्यावर छान चालणारं स्टेअरिंग वळणावर परत येईना झालं तर काय घडलंय ते लगेच ओळखावं.

स्टेअरिंग जड झालं तर पहिली तपासणी पुढच्या टायरांतल्या हवेची, दुसरी किंग पिनच्या ग्रीसची. ग्रीस मारताना पुढचा एक्सल उचललेला असावा. वजन जमिनीवर असताना मारलेलं ग्रीस दाबाखालच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, नुसतं कडेनं बाहेर येतं. टायरची झीजही बोलकी असते. दोन्ही पुढचे टायर बाहेरच्या कडेला झिजत असतील तर चाकं पुढून जास्त आत वळलेली आहेत, आतल्या कडेला झिजत असतील तर बाहेर. टाय रॉडची लांबी बदलून हे सुधारतं.

पॉवर स्टेअरिंगचा स्वभाव निराळा. त्यात बहुतेक वेळा हातातलं चाक आणि पुढची चाकं यांच्यात लोखंडी दांडा नसतो, तेल असतं. जड झालं तर टाकीतलं तेल, फिल्टर आणि पंप. तेलाला फेस आला असेल आणि स्टेअरिंग झटके देत असेल तर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूनं हवा शिरतेय. एखादा ढिला क्लँपसुद्धा पुरतो. पुढची चाकं वळणावर अडलेली असताना स्टेअरिंग जोर लावून धरलं आणि तरीही ते हातात हळूहळू फिरत राहिलं, तर सिलिंडरच्या किंवा स्टेअरिंग युनिटच्या आतून तेल गळतंय. इंजिन बंद पडलं तरी असं स्टेअरिंग वळतं, पण फार ताकद लागते. उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

जड स्टेअरिंगची तक्रार सगळे करतात, हलक्या स्टेअरिंगची कुणीच करत नाही. धोका मात्र हलक्यात जास्त. मागे वजन वाढलं की ट्रॅक्टर पुढून उचलू लागतो, पुढच्या चाकांवर भार उरत नाही, चाक बोटानं फिरतं आणि ट्रॅक्टर स्वतःला हवं तिकडेच जातो. ट्रॉली नेमून दिलेल्या हुकापेक्षा वर जोडली, किंवा दोन चाकी ट्रॉलीत माल पुढे लोटून भरला, की हे होतं. उपाय स्टेअरिंगमध्ये नाही. हुकाची उंची, मालाची मांडणी आणि बंपरवरची पुढची वजनं यांत आहे.

टँकरचं गणित तर डोळे उघडणारं आहे. समजा दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरच्या वेगातून पाच मीटरमध्ये थांबतो. त्याला पाच हजार लिटरचा टँकर जोडला: पाच टन पाणी, एक टन टाकी. एकूण वजन चौपट झालं. टँकरला स्वतःचा ब्रेक नाही, म्हणून थांबायचं अंतर वीस मीटर. वेग तीस केला की पंचेचाळीस. वीसच्याच वेगात, पण वीस फुटांना एक फूट असा उतार लागला की पंचावन्न मीटरच्या आसपास. हुकावर येणाऱ्या भारानं यात थोडा फरक पडेल, चित्र बदलणार नाही. आता टँकरच्या जागी दहा टन उसाची ट्रॉली घ्या. त्या उतारावर ब्रेकची जवळजवळ सगळी ताकद उतारच खाऊन टाकतो. नवे लायनर, नवं तेल, जुळवलेली पेडलं, सगळं असूनही ट्रॅक्टर थांबत नाही. अर्धी भरलेली टाकी आणखी वेगळी पीडा: ब्रेक मारला की पाणी पुढे आदळतं आणि ट्रॅक्टरला मागून धक्का देतं. म्हणून टाकीत आडव्या पत्र्यांच्या भिंती असाव्या लागतात. टाकी घेताना झाकण उघडून त्या आहेत का ते पाहावं.

दिवे घाटातून सासवडकडून पुण्याकडे उतरताना हे गणित कागदावर राहत नाही. याच घाटात नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रेक निकामी झालेलं खोदकामाचं यंत्र आळंदीला निघालेल्या दिंडीत घुसलं आणि दोन वारकऱ्यांचा जीव गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्याच नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं अनेक वाहनं ठोकरली. आधी ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. तपासात मात्र चालकानं उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. उतारावर इंजिन बंद करायचं नाही, हा नियम ट्रॅक्टरला अधिक कडक लागू होतो. घाट उतरण्याआधी, वरच्या सपाटीवरच, खालचा गिअर टाकायचा; ज्या गिअरमध्ये चढलात त्याहून वरच्यात उतरायचं नाही. उतारावर क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच. गिअरमध्ये असलेलं इंजिन हा न तापणारा ब्रेक आहे. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर भार घेऊन तीव्र उतार उतरताना ती जोडावी. मग पुढची चाकंही धरून ठेवतात.

आणि तरीही पेडल पोकळ गेलंच, तर पहिली गोष्ट म्हणजे घाबरून क्लच दाबायचा नाही. थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा. पेडलं दोन-तीनदा झरझर दाबून पाहायची, पण एकदम जोर लावून चाकं लॉक करायची नाहीत, नाहीतर ट्रॉली बाजूनं येऊन ट्रॅक्टरला वळवते. स्टेअरिंगचे मोठे झटके टाळून दरीकडची बाजू सोडायची आणि डोंगराच्या कडेच्या मातीत, चरात, हळूहळू चाकं घालायची. थांबल्यावर इंजिन गिअरमध्येच बंद करायचं आणि खाली उतरून दगड आधी ट्रॉलीच्या चाकांना लावायचे, मग ट्रॅक्टरच्या.